रविवारी जवळ वाटलेलं घर

नागोरावला लहान-मोठे बहुतेक सगळे दादाच म्हणायचे. बहिणी म्हणायच्या, भाचे म्हणायचे, शेवटी शेवटी तर खोक्याच्या कारखान्यातला तेलुगू सुपरवायझर बी दादा म्हणायला लागला होता. म्हणून इथं बी दादाच.

दादा आता नाही. तो गेला तेव्हा लोक बसायला आले, चहा पिले, अन जाता जाता जो तो हळूच एकच विचारायचा. घर तर स्वतःचं बांधलं होतं ना त्यानं, मग किरायाच्या खोलीतून कसं काय नेलं? त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. गीतावहिनी, म्हणजे दादाची बायको, नुसती खाली बघायची. लोकांना वाटलं कर्जात बुडाला, नाहीतर बायको-पोरीनं ऐकलं नाही. तसं काही नव्हतं. जसं झालं तसं हे लिहिलंय.

दादा मूळचा देगलूरकडचा. बापासोबत हैदराबादला आला तेव्हा चड्डीत होता. कुकटपल्लीला मागच्या बाजूनं कारखाने आहेत, त्यात एका ठिकाणी पुठ्ठ्याचे खोके बनतात, तिथं तो मशीनवर लागला अन तिथंच राहिला. खोली बी तिथंच जवळ. गीतावहिनी एका लेडीज हॉस्टेलात नाष्ट्याचं काम करायची. सॉफ्टवेअरच्या पोरी राहतात तसलं हॉस्टेल. अंधारात उठायची, तोंडावर पाणी मारायची, गल्ली ओलांडली की हॉस्टेलचा जिना. पोरींना इडली-उपमा घालून परत येईपर्यंत दादा आंघोळ करून डब्याची वाट बघत बसलेला असायचा. पोरगी रूपाली, एकुलती एक, दिलसुखनगरला सरकारी नोकरीच्या परीक्षेची कोचिंग करायची. संध्याकाळची बॅच. मेट्रोत बसली की सरळ तिकडं, मेट्रोत बसली की सरळ घरी.

सगळं पायाखाली होतं. अन जे पायाखाली असतं त्याच्याकडं कोण बघतं?

दादा बघत होता ते वर, मकान मालकाकडं. मालक वरच्या मजल्यावर राहायचा. दरवर्षी किराया वाढवायचा त्याचं दादाला एवढं नव्हतं, सगळीकडं तेच आहे. पण एकदा दादानं बाबासाहेबांचा मोठा फोटो फ्रेम करून आणला. खिळा ठोकायला स्टुलावर चढला तर मालक खाली आला. भिंत खराब होते म्हणला. तीच भिंत, तिच्यावर आधीच्या किरायादाराच्या देवांचे खिळे तसेच होते. दादा स्टुलावरून उतरला, फोटो कपाटावर टेकवून ठेवला. त्या रात्री जेवला नीट. पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात घर शिरलं, ते निघालंच नाही.

अन बरोबर त्याच वक्ताला हिम्मतराव आला. हा हिम्मतराव आपल्याच भागातला, बिलोलीकडचा, बापजाद्यांपासून हैदराबादला. प्लॉट विकायचा धंदा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नर्सापूरच्या रोडनं, रिंग रोडच्या पलीकडं, एक नवीन व्हेंचर, म्हणजे प्लॉट पाडलेली जागा, पडलं होतं, तिथं त्यानं स्वतःसाठी बी दोन प्लॉट घेऊन ठेवले होते. विहारात रविवारची वंदना झाली की तो बाहेर येऊन उभा राहायचा. जयभीम घालायचा, मग म्हणायचा, आपल्या लोकांची एक कॉलनी होऊ द्या ना. कोणी विचारणार नाही तुम्ही कोण, कोणी म्हणणार नाही खिळा मारू नका.

ही खिळ्याची गोष्ट त्याला कोणी सांगितली काय माहीत. लागली मात्र बरोबर.

एका रविवारी त्यानं गाडी आणली. एसीची व्हॅन. विहारातली सहा-सात घरं बसली, बायका-पोरं सगळी. रस्ता मोकळा, काचा बंद, पोरं गाणी म्हणतेत, हणमंतराव पुढं बसून गावाकडचे किस्से सांगतेत. हणमंतराव म्हणजे विहारातले वडीलधारे, रिटायर माणूस, त्यांचा शब्द कोणी मोडत नव्हतं. त्यांचा किस्सा संपला नाही तोवर गाडी थांबली. उतरले तर लाल माती, पांढरे दगड रोवलेले, वारा असा की साड्या आवरेनात. प्लॉटवरच बिर्याणीची पाकिटं वाटली. दादा आपलं पाकीट हातात धरून एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत चालला, परत चालला. वहिनीला म्हणला, इथं मोरी काढू.

जवळच आहे की, असं सगळेच म्हणले. अर्धा घंटा. ही त्यांची चूक. पण चूक म्हणावी तर कोणाची? रविवारचे सगळे होते, दुसऱ्याच्या गाडीत होते, पोटात बिर्याणी होती. सोमवारी सकाळी तिथून कामाला कसं जायचं, हे उन्हात उभं राहून कोणाच्या डोक्यात येणार?

नाही म्हणायला एकदा निघाला तो विषय. विहाराच्या पायरीवर बसून बोलणं झालं. हणमंतराव म्हणले, सहा घरं एकाच टायमाला राहायला गेली की आपण मिळून एक व्हॅन लावू. सकाळी सगळ्यांना कुकटपल्लीला सोडंल, संध्याकाळी आणंल, वर्गणी काढू जशी जयंतीला काढतो. सगळ्यांना पटलं. आपल्या लोकांचं सगळं वर्गणीवरच झालेलं आहे. विहार वर्गणीचा, मंडप वर्गणीचा, पोरांच्या वह्या वर्गणीच्या. मग रस्ता बी वर्गणीनंच जाईल, त्यात काय.

घराचा हिशोब मग एका ओळीचा राहिला. जेवढा किराया जातोय तेवढाच बँकेचा हप्ता. हिम्मतराव बोट वर करून सांगायचा, किराया म्हणजे मालकाच्या पोटात, हप्ता म्हणजे तुमच्या भिंतीत. दादानं चिट्टी, म्हणजे आपली भिशी, उचलली, वहिनीनं गळ्यातलं काढून दिलं, बँकेनं बाकीचं दिलं. दादाला वाटलं, पगारातून चिट्टी भरली तरी ओटी केली की हप्ता निघतोय. ओटी म्हणजे शिफ्ट संपल्यावर थांबून केलेलं जास्तीचं काम. कारखान्यात संध्याकाळी ओटीला कधी नाही नव्हतं.

घर झालं. दोन खोल्या, वर पत्रा, मोरी तिथंच काढली जिथं म्हणला होता. गृहप्रवेशाला भंतेजी आले, परित्राण पाठ झाला, खीर झाली. फोटो दादानं स्वतः लावला. एक खिळा पुरला असता, चार ठोकले.

बाकीच्या पाच घरांचं विचाराल तर कोणाचं पाया खोदण्यावर अडलं, कोणाचं पोरीच्या लग्नावर. हणमंतराव म्हणले, नागोराव, तू हो पुढं, तिकडं सरकारी बस सुरू झाली की आम्ही आलोच. प्लॉट सगळ्यांनी घेऊन ठेवले होते, राहायला कोणीच आलं नाही. ती व्हॅन पायरीवरच राहिली.

सोमवार उजाडला.

घरापासून फाट्यापर्यंत कच्चा रस्ता, तो पायी. फाट्यावर शेअर ऑटो. तो भरल्याशिवाय हलत नाही, अन तिथं माणसंच नाहीत तर भरणार कशानं? ड्रायव्हर बिडी ओढत बसायचा. ऑटोनं मोठ्या चौकात, तिथून बस बालानगरला, बालानगरहून दुसरी. बायकांना बस फुकट आहे, आधार दाखवलं की कंडक्टर जीरो टिकट काढून देतो. हिम्मतराव हेच सांगायचा, वहिनीला अन पोरीला तर फुकट, खर्च येतो कुठून? पण फुकटची बस पहाटे येतच नव्हती. पहिली बस धरून वहिनी हॉस्टेलला पोचायची तोवर पोरी उपाशीपोटी ऑफिसला निघून गेलेल्या. हॉस्टेलवाल्या मॅडमनं थोडे दिवस सांभाळून घेतलं, मग गल्लीतल्याच दुसऱ्या बाईला लावलं. मॅडमचं बी काय चुकलं?

दादानं सेकंडहँड मोटरसायकल घेतली. तिचा वेगळा हप्ता, वर पेट्रोल. तरी तो म्हणायचा, होतंय. खरा फास बसला तो रूपालीच्या येण्याचा. तिची बॅच संपून ती फाट्यावर उतरायची तेव्हा अंधार पडलेला. फाट्यावर एकच दुकान चालू असायचं, वाईन्सचं. त्याच्यासमोर माणसं उभी. तिथून घरापर्यंत एक लाईट नाही, वर कुत्री. एकदा ती पळत आली, चप्पल तुटलेली, अन काही झालं नाही म्हणली. दुसऱ्या दिवसापासून दादा ओटी सोडून फाट्यावर जाऊन उभा राहायला लागला.

इथं सगळं अडकलं. हप्ता निघायचा ओटीतून. ओटी संध्याकाळी. अन संध्याकाळ गेली फाट्यावर. पोरीची बस फुकट होती, पण तिला फाट्यावरून घरी आणायला दादाची सगळी ओटी लागत होती.

रूपाली म्हणाली होती, पप्पा, कोचिंग सोडते, नक्को मला. दादा म्हणला, घर तुझ्यासाठीच बांधलं, अन घरासाठी तू सोडणार? परत ती गोष्ट काढू नको. मग तो सकाळी लवकर जाऊन ओटी भरून काढायचं बघायला लागला. सुपरवायझरनं कधी दिली, कधी नाही. हप्ते मागं-पुढं व्हायला लागले. बँकेचे फोन यायला लागले. दादाचा चेहरा आंबलेल्या पिठासारखा झाला. घरी आला की भिंतीला पाठ लावून बसायचा, त्या भिंतीकडं बघायला बी त्याच्यात जीव राहायचा नाही.

आता घर टिकवायचं तर एकच वाट होती, कॉलनी भरणं. हे हिम्मतरावच येऊन सांगायचा, अन ते खोटं नव्हतं. म्हणायचा, दादा, अजून चार-पाच घरं उभी राहू दे, ऑटो आपोआप आत येतोय का नाही बघ. लाईटीचा खांब येतो. किराणा दुकान पडतं. पोरीला घ्यायला तुला जावं लागत नाही. तुझी ओटी परत तुझी. फक्त मी गिऱ्हाईक आणलं की दोन शब्द चांगले बोल, बाकी माझ्यावर सोड.

म्हणून दर रविवारी व्हॅन दादाच्या दारात थांबायची. हिम्मतराव लोकांना सांगायचा, बघा, फॅमिली राहते इथं. वहिनी पाण्याचे ग्लास आणायची. कोणी विचारलं, जायला-यायला कसंय, तर दादा म्हणायचा, होतंय की. एवढंच. व्हॅन गेली की बराच वेळ ग्लासं विसळत बसायचा, वहिनीच्या हातातून घेऊन.

अशाच एका रविवारी उदय आला. दादाच्या जुन्या दोस्ताचा पोरगा, त्याला दादानं अंगाखांद्यावर खेळवलेलं. सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सलमध्ये ठेकेदाराकडं होता. सोबत बायको भामा, ती दिलसुखनगरला साड्यांच्या दुकानात. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. दोघांनी मिळून टोकनचे, म्हणजे बयाण्याचे, पैसे जमवले होते, ते भामाच्या पर्समध्ये होते, अन ती पर्स तिनं पोटाशी अशी धरली होती की कोणाला बी कळावं.

हिम्मतरावनं घर दाखवलं, मोरी दाखवली, वारा दाखवला. मग उदय दादाजवळ आला.

"काका, हे म्हणतेत अर्धा घंटा लागतो. तुम्ही रोज जाता. तुम्ही हौ म्हणा, मी आत्ताच टोकन देऊन टाकतो."

हिम्मतराव दारात उभा. वहिनी आत, हातात ट्रे. रूपाली वही उघडून बसलेली, पण पान उलटत नव्हती. दादाला नुसतं हौ म्हणायचं होतं. एक घर वाढलं असतं. एका घरानं ऑटो आत येत नाही, पण एकाला बघून दुसरा येतो, दुसऱ्याला बघून तिसरा, असंच तर असतं. अन नाही म्हणला तर आपल्याच हातानं आपल्या घराचा गळा दाबल्यासारखं. त्यानं खाली बघितलं, चपलेच्या अंगठ्यात पाय सारखा केला.

"आज मुक्काम करा," दादा म्हणला. "काकूच्या हातचं खा. सकाळी इथूनच ड्युटीला जा."

हिम्मतराव हसला, म्हणला, अरे मुक्काम कशाला, राहायलाच येणार आहेत की. पण घरचा मोठा माणूस राहा म्हणल्यावर उदयला नाही म्हणता येईना. व्हॅन त्यांना सोडून गेली. वहिनीनं कोंबडी केली. रात्री वारा सुटला, भामा दारात बसून म्हणाली, काकू, काय मस्त आहे हो इथं, खोलीत आमच्या खिडकी उघडली की समोरच्याची मोरी दिसते. वहिनी तिला हो म्हणाली. त्या वाऱ्याला वहिनीनं कधी वाईट म्हणलं नाही.

सकाळी दादानं मोटरसायकल काढली नाही. तिघं पायी निघाले. भामानं रविवारच्या सँडल घातलेल्या, टाच उंच. कच्च्या रस्त्यात दोनदा पाय मुरगळला, मग तिनं सँडल हातात घेतल्या. उदय आधी हसत होता. मॉर्निंग वॉक झाला म्हणला. फाट्यावर ऑटो उभा होता, आत एक म्हातारी अन तिच्या मांडीवर कोंबडीचं डालगं. ड्रायव्हर काही हलेना. उदयनं विचारलं, अन्ना, कब निकलते? ड्रायव्हर म्हणला, भरे तो निकलते. थोड्या वेळानं उदयनं परत विचारलं. मग विचारायचं सोडलं अन मोबाईलमध्ये टाइम बघायला लागला. शेवटी म्हणला, रिकाम्या सीटचे पैसे मी देतो, चला. दादा मध्ये पडला.

"रोज देणार का?"

उदयनं पाकीट परत खिशात घातलं.

चौकात बस आली ती दरवाज्यापर्यंत भरून. भामाला बायकांनी आत ओढून घेतलं. उदय अन दादा फूटबोर्डवर, एक पाय आत, एक हवेत. बालानगरला भामा मेट्रोला उतरली, गर्दीतून तिनं हात बी केला नाही, पर्स धरायची होती. उदयला तीच बस पुढं सिकंदराबादला. दादा दुसऱ्या बसच्या रांगेत लागला. तो कारखान्यात पोचला तेव्हा मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं, सुपरवायझरनं त्याला दिवसभर गठ्ठे बांधायला लावलं.

दुपारी उदयचा फोन आला. सगळे जेवत होते, दादाच्या फोनचा आवाज नेहमी मोठा, त्यामुळं उदयचं बोलणं बाजूच्यांना बी ऐकू गेलं.

"अर्धा दिवस कापला माझा. भामाला मालक सगळ्यांसमोर बोलला. काका, तुम्हाला सगळं मालूम होतं ना? मग काल तोंडानं सांगायचं होतं. फालतू परेशान केलं."

"तोंडानं सांगितलं असतं तर तू काय म्हणला असतास?" दादा म्हणला. "स्वतःचं झालं, आता दुसऱ्याचं बघवंना, असं म्हणला असतास."

दादानं डब्याला झाकण लावलं.

"तुझ्या बापानं बी तेच म्हणलं असतं," दादा म्हणला. "आता अर्धा दिवस गेला तुझा. टोकन नाही गेलं."

उदयनं प्लॉट घेतला नाही. तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण उदय तरणा पोरगा, त्यानं विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळं टाकलं, ऑटो, म्हातारी, कोंबडी, फूटबोर्ड. लोक हसले बी, अन हिम्मतरावच्या रविवारच्या व्हॅनमध्ये बसायला नाव दिलेल्यांनी नावं मागं घेतली बी.

हिम्मतराव एक दिवस एकटाच आला, गाडी न घेता, मोटरसायकलवर. ओरडला नाही. म्हणला, दादा, माझे बी दोन प्लॉट आहेत इथं, हे तुला माहीत होतं. पाणी पिलं अन गेला. ते दादाला जास्त लागलं.

हणमंतराव मात्र बोलले. वंदना झाल्यावर, सगळ्यांसमोर, चपला घालता घालता.

"नागोराव, तुला पचलं नाही म्हणून आमच्या ताटात माती कालवलीस. आता आमचे प्लॉट कोण घेणार, तू?"

दादा हात जोडून म्हणला, चुकलं असंल तर माफी. काय चुकलं ते त्यानं सांगितलं नाही, त्यांनी बी विचारलं नाही. त्या रविवारी चहाला त्याच्याजवळ कोणी बसलं नाही. पुढच्या रविवारी बी नाही. मग लांबून यायचं कशाला, म्हणून त्यानं वंदनेला यायचंच सोडलं. घरीच सकाळी मोठ्यानं म्हणायचा. घरात माणसं तीन, आवाज तीस माणसांना पुरंल असा.

परत जायचं ते वहिनीनं काढलं. एक दिवस तो आला अन भिंतीला टेकून तसाच झोपी गेला, ताट समोर. उठवलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, आपण इथं निस्तं झोपायला येतो. झोपायला एवढं लांब कशाला?"

दादा बराच वेळ ताटातली भाकर मोडत राहिला. मग म्हणला, लोक हसतील. वहिनी म्हणाली, हसू द्या, त्यांना कुठं पेट्रोल लागतंय. दादाला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून ते रूपालीच्या ध्यानात राहिलं.

कुकटपल्लीला आधीच्यापेक्षा बारीक खोली मिळाली, किराया आधीच्यापेक्षा जास्त. तरी महिना अखेरीला हातात उरायला लागलं. पेट्रोल गेलं, ऑटो गेला, वहिनीला दुसऱ्या एका हॉस्टेलात चपात्यांचं काम लागलं, दादाला ओटी मिळाली. मालकीण एक म्हातारी मुसलमान बाई, तिला सगळे खाला म्हणायचे, तिनं फोटो बघून स्वतःच हातोडी आणून दिली. बाहेरून बघणाऱ्याला दिसायचं काय, तर स्वतःचं घर सोडून माणूस जास्तीच्या किरायात आला. येडा झाला. हणमंतरावांकडच्या बायका तसंच म्हणायच्या.

घर कुलूप लावून पडलं. हप्ता चालूच. किरायानं द्यायचं म्हणलं तर जो येई तो आधी ऑटोचं विचारी. विकायचं म्हणलं तर हिम्मतरावकडं जायला दादाला तोंड नव्हतं. शेवटी गिऱ्हाईक तिथूनच निघालं. व्हेंचरच्या मागं बारकं गाव होतं, तिथला एक दूधवाला. त्याच्या म्हशी तिथंच, कडब्याची गंजी तिथंच, दूध न्यायला टेम्पो त्याच्या दारात यायचा. भावांची वाटणी झाली होती, त्याला घर पाहिजे होतं. तो तेलुगूत म्हणला, म्हशींपासून हाक मारली तर बायकोला ऐकू जाईल, मला यापेक्षा काय पाहिजे. दादानं लावले होते त्याहून कमीच द्यायला तयार झाला, पण बँकेचं फिटून चिट्टीचं बी निघत होतं. दादानं हौ म्हणलं. टोकन घेतलं. सौदा करून आला त्या दिवशी त्यानं मिठाई आणली नाही, अन दुःखाचं बी काही बोलला नाही. वहिनीला एवढंच म्हणला, त्याला मोरी पसंत पडली.

रजिस्ट्रीची तारीख पडायची होती. ओटी चालू होती. एका संध्याकाळी मशीनवर छातीत जळतंय म्हणला, पुठ्ठ्याच्या थप्पीवर बसला, पाणी मागितलं. पोरांनी उचलून ऑटोत घातलं. दवाखाना जवळच होता, अगदी जवळ. ऑटो कशानं अडला नाही, रस्ता मोकळा होता. तरी नाही झालं.

विहारातले सगळे आले. हणमंतराव पहिले आले, तिरडीच्या पुढच्या बाजूला खांदा दिला, अन शेवटपर्यंत दुसऱ्याला देईनात. उदय भिंतीकडं तोंड करून रडला. हिम्मतराव गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, आत आला नाही, पण उभा राहिला.

सौदा मोडायचा का, असं वहिनीला दोघा-तिघांनी विचारलं. आता नवऱ्याची आठवण आहे ती, राहू दे, असं बी म्हणले. वहिनी म्हणाली, त्यांनी हौ म्हणलंय. दूधवाला बी थांबला. कागदपत्रं वहिनीच्या अन रूपालीच्या नावानं होईपर्यंत त्यानं एकदा बी घाई केली नाही.

रजिस्ट्री झाल्यावर चावी द्यायला दोघी तिथं गेल्या, बसनं, ऑटोनं, मग पायी. दूधवाला अन त्याची बायको आधीच येऊन उंबऱ्याबाहेर थांबले होते, आत शिरले नव्हते. त्याच्या बायकोनं हातवारे करून विचारलं, काही न्यायचं आहे का. घरात न्यायसारखं काही नव्हतं. वहिनीनं रूपालीकडून तेलुगूत सांगायला लावलं, थोडा वेळ बसू द्या, मग चावी देते.

दोघी जमिनीवर बसल्या, जिथं दादा बसायचा त्या भिंतीला तोंड करून. वहिनीनं त्रिशरण सुरू केलं. आवाज मधेच बसला, मग रूपालीनं धरला. पंचशील झालं. दूधवाल्याच्या बायकोनं चपला काढल्या, आत आली, अन मागं हात जोडून बसली. तिला एक शब्द कळत नव्हता. बाहेर म्हशी ओरडत होत्या, दूधवाल्याला तिकडं जावं लागलं, ती बसून राहिली.

झाल्यावर वहिनीनं तिच्या हातात चावी दिली. ती बाई वहिनीचा हात धरून काहीतरी बोलायला लागली, लांबच लांब. रूपालीला कळत होतं, पण तिनं मराठीत करून सांगितलं नाही. वहिनी नुसती मान हलवत होती.

मग रूपाली म्हणाली, "मम्मी, चल. ऑटो भरत आला असंल."